निघताना कुणाला सांगायचं?

२०२५चा मार्च संपत आला होता. विद्यापीठातल्या खेळाडूंच्या अभ्यासिकेत मी एका मुलीला संख्याशास्त्र शिकवत होते. ती बास्केटबॉल संघातली, दुसऱ्या वर्षाची. मी नाशिकहून पीएचडीसाठी अमेरिकेत आलेली, तासावर पैसे घेऊन शिकवणी करणारी. उदाहरण अर्धवट सोडून ती म्हणाली, "समजा, मी दुसऱ्या विद्यापीठात गेले, तर या विषयाचे क्रेडिट तिथे धरतील?"

संघाचा हंगाम नुकताच संपला होता. त्या दिवसांत हा प्रश्न कुणी उगाच विचारत नाही, एवढं मला कळायला लागलं होतं. चौकशी करून सांगते म्हणाले. मग तिने मान खाली घालून दुसरा प्रश्न विचारला. "मी गेले तर स्वार्थी ठरते का?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मला चिकटला.

तुमच्यापैकी अनेकांनी हा खेळ पाहिला नसेल, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतले विद्यापीठांचे खेळ म्हणजे आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नव्हेत. हजारो प्रेक्षकांची स्टेडियम, टीव्हीचे करार, वर्षाला लाखो डॉलर घेणारे प्रशिक्षक असा तो मोठा व्यवहार आहे. त्याचे नियम एनसीएए ही संस्था करते. पूर्वी खेळाडूला विद्यापीठ बदलायचं तर दोन अडसर असत. एक, आधीच्या विद्यापीठाने परवानगी दिल्याशिवाय दुसऱ्या प्रशिक्षकाला तिच्याशी बोलता येत नसे. दोन, बास्केटबॉलसारख्या काही खेळांत नव्या ठिकाणी गेल्यावर एक वर्ष नुसतं बाकावर बसावं लागे. सराव करा, पण सामना नाही.

ऑक्टोबर २०१८मध्ये ट्रान्स्फर पोर्टल आलं आणि पहिला अडसर गेला. नाव भारदस्त असलं तरी पोर्टल म्हणजे एक यादी आहे. खेळाडूने 'माझं नाव घाला' म्हणायचं, विद्यापीठाने ते घालायचं, आणि नाव दिसलं की बाकीचे प्रशिक्षक फोन करायला मोकळे. २०२१मध्ये पहिल्या बदलीसाठी बाकावरचं वर्ष माफ झालं. २०२४मध्ये, न्यायालयाने दणका दिल्यावर, अभ्यासाच्या अटी पाळून कितीही वेळा जा आणि लगेच खेळा, अशी मोकळीक मिळाली. मधल्या काळात, जुलै २०२१पासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. जुलै २०२५पासून तर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ लागली.

परिणाम असा की, महिला बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत साधारण ३६० संघ आहेत आणि एकेका वसंतात हजाराहून जास्त मुली त्या यादीत असतात. २०२५मध्ये तर राष्ट्रीय स्पर्धा रंगात असतानाच यादी उघडली. एकीकडे सामने चालू, दुसरीकडे बाहेर पडलेल्या संघांतल्या मुलींची नावं फोनवर झळकत होती.

मुलांच्या खेळात ही आवकजावक लोकांच्या अंगवळणी पडली होती. चांगला मुलगा एक वर्ष कॉलेजात खेळतो आणि एनबीएत जातो. मुलींचं तसं नव्हतं. डब्ल्यूएनबीएच्या निवडीसाठी अमेरिकन मुलीला कॉलेजची चार वर्षं पूर्ण करावी लागतात किंवा त्या वर्षात बावीस वर्षांची व्हावं लागतं. त्यामुळे गावाला एकच मुलगी चार वर्षं पाहायला मिळायची. पहिल्या वर्षी घाबरून चेंडू हरवणारी पोर शेवटच्या वर्षी संघ ओढून नेताना दिसायची. आयोवा राज्यात वाढलेली केटलिन क्लार्क आयोवा विद्यापीठातच चार वर्षं खेळली. तिच्यावर लोकांचा जीव जडला त्याला तिचे लांबून मारलेले बास्केट कारण होतेच, पण ती आपल्या डोळ्यांदेखत मोठी झाली, हेही होतं. पोर्टलने जे हिरावलं असं लोक म्हणतात, ते हे.

म्हणूनच २०२३ची अंतिम लढत अनेकांनी खेळापलीकडे नेली. एका बाजूला आयोवा, वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या मुलींचा संघ. दुसऱ्या बाजूला लुइझियाना स्टेट म्हणजे एलएसयू. तिथली एंजल रीस मेरीलँड सोडून आदल्याच वर्षी आलेली. जॅस्मिन कार्सनचं ते तिसरं विद्यापीठ, ॲलेक्सिस मॉरिसचं चौथं. एलएसयू १०२–८५ने जिंकली. कार्सनने २२ गुण केले, मॉरिसने २१. निष्ठेने बांधलेला संघ हरला आणि जमवलेला जिंकला, असा सूर निघाला.

गोष्ट इतकी सरळ नाही. आयोवाच्या त्या संघातली मॉली डेव्हिसही सेंट्रल मिशिगनहून बदली घेऊन आलेली होती. आणि मॉरिसला २०१८मध्ये बेलर विद्यापीठाच्या संघातून काढलं, तेव्हा तिथल्या प्रशिक्षक किम मल्की होत्या. एलएसयूत तिला परत घेणाऱ्याही त्याच. तीन विद्यापीठं फिरून मुलगी ज्या बाईंनी काढलं त्यांच्याकडेच गेली आणि दोघींनी मिळून विजेतेपद मिळवलं. हिला निष्ठा म्हणायचं की बेइमानी? मला तरी यातला एकही शब्द बसताना दिसत नाही.

मल्कींचंच पुढे सांगते. बेलरमध्ये २१ वर्षं काढून, तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून, एप्रिल २०२१मध्ये त्या एलएसयूत गेल्या. लुइझियाना त्यांचं राज्य, त्यामुळे त्या घरी परतल्या असंही म्हणता येईल. कुणीही त्यांना वर्षभर बाकावर बसायला सांगितलं नाही. प्रशिक्षकांना ते कधीच सांगितलं जात नव्हतं. ज्यांच्या शब्दावर सतरा-अठरा वर्षांची मुलगी विद्यापीठ निवडते, त्या कधीही जाऊ शकत होत्या, आणि मागे राहिलेली मुलगी मात्र नियमाने बांधलेली. योगायोग असा की मुलींना पहिल्या बदलीची मोकळीक देणारा नियमही त्याच महिन्यात मंजूर झाला.

शिष्यवृत्तीचंही तेच. कित्येक दशकं ती एकाच वर्षाची असे. पुढच्या वर्षी द्यायची की नाही हे दरवर्षी ठरायचं. एकाहून जास्त वर्षांची हमी देण्याची परवानगीच मुळात २०१२पासूनची. म्हणजे विद्यापीठ वर्षावर्षाने विचार करणार आणि मुलीने चार वर्षांचा शब्द पाळायचा.

अशा व्यवस्थेत राहण्याला निष्ठा म्हणावं का? दाराला कुलूप असताना माणूस घरात असतो, त्यावरून त्याला घर आवडतं की नाही हे कळत नाही. पोर्टलने निष्ठा संपवली असं मला वाटत नाही. कुलूप निघालं, आणि आपण ज्याला निष्ठा समजत होतो त्यातला केवढा भाग कुलपाचा होता ते दिसलं. उलट आज जी राहते तिच्या राहण्याला आता खरा अर्थ आला.

आपल्याकडे पक्ष बदलणाऱ्यांना आयाराम-गयाराम म्हणतात. तो राग रास्त आहे, कारण आमदाराने एका चिन्हावर मतं मागितलेली असतात. ते वचन असतं. माझ्या विद्यार्थिनीने कुणाला काय वचन दिलं होतं? विद्यापीठाशी तिचा करार होता आणि ती तो पुरा करून निघत होती. प्रेक्षकांनी तिच्यावर माया केली, पण माया करणाऱ्याने परतफेडीची तारीख ठरवायची नसते. मग मी तिला त्याच दिवशी 'नाही, तू स्वार्थी नाहीस' असं का म्हणू शकले नाही?

कारण मीही अशीच निघाले होते.

मी आधी दुसऱ्या एका विद्यापीठात होते. तिथल्या मार्गदर्शकांशी माझं जमलं नाही. कामाचं श्रेय, उन्हाळ्यातले पैसे, अशा दोन वर्षांच्या कुरबुरी. मग मी इथे प्रवेश मिळवला, आय-ट्वेंटी बदलून घेतलं आणि आले. घरी सगळे खूश. आत्या फोनवर म्हणाली, "बरं केलंस, चांगलं मिळत असेल तर जावं." मला कुणीच स्वार्थी म्हणालं नाही. शिकणाऱ्या माणसाने प्रयोगशाळा बदलली की ती प्रगती आणि खेळणाऱ्या मुलीने संघ बदलला की ती फितुरी, हा हिशेब तेव्हा माझ्या डोक्यातही आला नव्हता.

पण त्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी होती. आमचा डेटा एकच होता आणि तिच्या प्रबंधाचा एक भाग मी लिहिलेल्या कोडवर उभा होता. मी मार्गदर्शकांना ईमेल केली, ऑफिसात अर्ज भरला, आणि रविवारी, कुणी नसताना, टेबल रिकामं केलं. सोमवारी तिने ते रिकामं टेबल पाहिलं. मी निघाले यात मला आजही चूक वाटत नाही. पण तो रविवार मी मुद्दाम निवडला होता, हे मला माहीत आहे.

इथे मला त्या प्रश्नाची गाठ सुटल्यासारखी वाटते. 'जावं की राहावं' यावर आपण भांडतो, पण नैतिक भाग बऱ्याचदा तिथे नसतोच. विद्यापीठ, प्रशिक्षक, संस्था यांना माझ्याजागी दुसरी व्यक्ती आणता येते. तशी ती आणतातही, आणि तशी सोय करून ठेवलेली असते. त्यांचं माझं नातं कराराचं. जिच्याबरोबर पहाटे साडेपाचला पळालो, जिचा पास डोळे मिटून झेलला, जिच्या कोडवर आपलं आणि आपल्या कोडवर तिचं काम चाललं, तिच्याशी मात्र कुठलाही करार नसतो, म्हणून तिच्या वाट्याला नोटीसही येत नाही. जाण्याची किंमत तीच मोजते. आणि तिचं देणं थांबून फिटत नाही. ते तोंडाने सांगूनच फिटतं.

किंमत मोजणाऱ्या आणखीही आहेत, त्यांना विसरून 'स्वातंत्र्य झिंदाबाद' म्हणणं सोपं आहे. प्रशिक्षकाला वीस-एकवीस वर्षांची तयार खेळाडू मिळत असेल तर तो शाळेतून निघालेल्या कच्च्या मुलीवर चार वर्षं कशाला घालवेल? तिची जागा आक्रसते. लहान विद्यापीठं मुलगी घडवतात आणि मोठी ती घेऊन जातात. यादीत नाव घातलेल्या सगळ्यांनाच नवं घर मिळत नाही. काहींची जुनी जागाही जाते. काहींना तर 'तू यादीत नाव घातलेलं बरं' असं गोड शब्दांत सुचवलेलं असतं, म्हणजे दार उघडलेलंही त्यांनी नसतं. आणि क्रेडिटचा प्रश्न आहेच. दुसरं वर्ष संपताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसरं संपताना ६०, चौथं संपताना ८०, असा खेळण्यासाठीचा नियम आहे, आणि तो नव्या विद्यापीठाच्या पदवीच्या मापाने लागतो. दोनदा-तीनदा बदली केली की हा हिशेब जुळवताना अनेकदा आवडीचा विषय सोडून जो जुळेल तो घ्यावा लागतो.

हे सगळं खरं आहे, पण याची जबाबदारी एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मनगटावर बांधणं अन्यायाचं आहे. ज्यांनी नियम केले, ज्यांनी पैसा कमावला, त्यांनी ते सोडवायचं. तिच्या वाट्याची जबाबदारी लहान आहे आणि म्हणूनच टाळायला सोपी.

पुढच्या तासाला ती आली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. मी तिला क्रेडिटची माहिती दिली. मग म्हणाले, "परवा तू विचारलं होतंस ना? जाण्यात स्वार्थ असेल तर असू दे, स्वतःचं भलं बघणं गुन्हा नाही. पण तुझ्या रूममेटला तू स्वतः सांग. तिला फोनवरून कळू देऊ नकोस." ती रूममेट संघाची पॉइंट गार्ड. तीही माझ्याकडेच शिकायला यायची.

"हो, सांगते," ती म्हणाली.

तिने सांगितलं नाही. दोन दिवसांनी दुपारी मेसमध्ये सगळ्यांचे फोन एकदम वाजले. एका पत्रकाराची पोस्ट, तिचा फोटो, 'पोर्टलमध्ये दाखल'. रूममेट समोरच ताट घेऊन उभी होती. हे मला रूममेटनेच सांगितलं, संध्याकाळच्या तासाला. ती रागावली नव्हती. पुस्तक उघडत म्हणाली, "मी तिला सामान बांधायला मदत केली असती."

मला गेलेल्या मुलीचा राग आला नाही. सांगायला किती जड जातं ते मला ठाऊक आहे. समोरची रडेल, थांब म्हणेल, आणि आपण थांबलो तर, ही भीती असते. रविवारी टेबल रिकामं करणारी मी तिला काय बोलणार होते?

त्या रात्री मी माझ्या जुन्या सहकारी मुलीला ईमेल लिहिली. चार वर्षं उशिरा. मी न सांगता गेले, ते चुकलं, एवढंच लिहिलं. का गेले ते लिहिलं नाही, कारण ते तिला द्यायचं उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. "ठीक आहे. तुझं कोड समजायला मला ऑक्टोबरपर्यंत लागलं."

त्याखाली तिचं नाव होतं, आणि नावाआधी डॉक्टर.