शेऱ्याचा रकाना

ज्ञान झालं हे खरं, पण ते ज्ञान खरं कशावरून? आपल्या दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतकं वाद घातला, त्यालाच प्रामाण्यवाद म्हणतात. मीमांसकांचं म्हणणं, ज्ञान उपजतच खरं धरून चालावं. दुसऱ्या ज्ञानाने त्याला बाध आला किंवा ज्या साधनाने ते झालं त्यात दोष सापडला, तरच ते टाकावं. नैयायिकांना हे पटत नाही. लांबून पाणी दिसलं, तिथवर गेलात, प्यालात, तहान भागली, मग म्हणा पाणी होतं. तोवर ते मृगजळही असू शकतं. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’ लिहायला घेतला, तेव्हा मंगलाचरणाची चर्चा आटोपताच पहिला हाच वाद हाती घेतला.

मी रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेली बाई. नोकरी हुबळीला, घर धारवाडात माळमड्डीला. घराणं माध्व, म्हणजे मध्वाचार्यांना मानणारं, त्यामुळे प्रमाण, बाध, साक्षी हे शब्द लहानपणी पंगतीतच कानावर पडले. त्यांचा खराखुरा उपयोग मला झाला तो निवृत्तीनंतर, घरातल्या इंटरनेटपायी.

आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, फायबरचा. मुलगा वरच्या मजल्यावर बसून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करतो. रात्री नवाच्या सुमारास त्याची मीटिंग अडकली की घरभर एकच ओरड, ‘नेट गेलं!’ कंपनीला फोन लावला की पलीकडून ठरलेलं उत्तर, ‘नम्म कडे बरोब्बर ऐत्रि, अक्कार.’ म्हणजे आमच्याकडे सगळं बरोबर आहे, अक्का. आमचं प्रत्यक्ष आणि त्यांचा शब्द अशी ही समोरासमोर उभी राहिलेली दोन प्रमाणं. दोन्ही पक्ष ठाम, आणि कागदावर दोघांकडेही काही नाही. खात्यात असा वाद आला असता तर आम्ही पहिल्यांदा रजिस्टर मागवलं असतं.

म्हणून मुलाने एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावेल एवढा संगणक, राउटरला केबलने जोडून दिला. तो दर तासाला स्वतःच वेग मोजून ठेवतो. त्यातले ठरावीक वेळांचे आकडे मी वहीत उतरवते. रकाने सहा: तारीख, वेळ, डाउनलोड, अपलोड, पिंग आणि शेरा. पहिले पाच यंत्राचे, सहावा माझा. ‘रस्ता खोदला.’ ‘वीज गेली होती.’ ‘नातवाचा गेम उतरत होता.’ सगळं तत्त्वज्ञान त्या सहाव्या रकान्यात आहे, असं माझं मत झालं आहे.

कारण आकडा कितीही ठसठशीत असला तरी साधनदोष तपासल्याशिवाय तो घेता येत नाही. शास्त्रात यासाठी पिवळ्या शंखाचा दाखला देतात: कावीळ झालेल्याला पांढरा शंख पिवळा दिसतो, आणि दोष शंखात नसतो. आमच्या जुन्या घराच्या भिंती जाडजूड. राउटर ओसरीत आणि फोन स्वयंपाकघरात, मग वाय-फायवर आकडा निम्म्यावर आला तर तो लाइनचा वेग नव्हे, भिंतीचा. केबलने मोजलं तर ९४ दिसतात, तेही गैर नाही. १०० मेगाबिटच्या पोर्टवर डेटाच्या प्रत्येक पुडक्याच्या वेष्टणातच थोडी जागा जाते, त्यामुळे चाचणीत ९४-९५ च्या वर सहसा काही दिसतच नाही. शिवाय १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. फाइल उतरवताना पडद्यावर १२ दिसले की फसवलं म्हणून ओरडणाऱ्यांनी आधी आठाने गुणावं.

मोजमाप स्वतःही निरुपद्रवी नसतं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर दहा सेकंद पूर्ण वेगाने चाचणी केली की १२५ मेगाबाइट खर्ची पडले. दर तासाला एक म्हणजे दिवसाला तीन जीबी, महिन्याला नव्वद. आणि तेवढे दहा सेकंद घरातल्या इतरांचा वेग खाली येतो. पाहणाराच पाहण्याच्या वस्तूत ढवळाढवळ करतो, तेव्हा त्याचीही नोंद शेऱ्यात हवी.

पण मग तपासायचं तरी कुठवर? एका सर्व्हरवर विश्वास नाही म्हणून दुसरा, एका अ‍ॅपवर नाही म्हणून दुसरं, मग त्या दुसऱ्याची परीक्षा तिसऱ्याने. शास्त्रकार याला अनवस्था म्हणतात. नैयायिकांवर हाच आक्षेप होता. मध्वाचार्यांचं उत्तर मला सगळ्यांत समंजस वाटतं. परीक्षा जरूर करा, पण जिथे शंकेला कारण आहे तिथेच. आणि परीक्षेला परीक्षा लावत बसू नका, कुठेतरी आतला साक्षी ‘पुरे’ म्हणतो, तिथे थांबा. मध्वांच्या ग्रंथांवर टीका लिहून हे मत शास्त्रात घट्ट रोवणारे जयतीर्थ परंपरेनुसार मंगळवेढ्याचे, आणि त्यांचं वृंदावन, म्हणजे समाधी, कलबुर्गी जिल्ह्यात मळखेडला असल्याचं मानतात. मराठी-कन्नड मुलखाचा हा आपला साधा, सामायिक वारसा. नैयायिकांचे उदयनाचार्यही वेगळ्या वाटेने तिथेच येतात: शंका आपल्याच वागण्याशी भांडायला लागली की संपली. धुरासाठी विस्तव पेटवणाऱ्याने धूर विस्तवापासून होतो का, अशी शंका काढू नये. आमच्या गल्लीत ‘नेट मुळीच चालत नाही’ अशी तक्रार लोक व्हॉट्सअ‍ॅपवर, त्याच नेटवरून पाठवतात.

नोंद बरेच महिने राहिली, तेव्हा त्यात दोन वेगवेगळी दुखणी दिसली. एक, रस्ता खोदल्याच्या शेऱ्यानंतर आकडा दिवसरात्र पडलेला. दुसरं, इतर वेळी सगळं ठीक आणि रात्री नऊ ते अकरा मात्र रोजची घसरण. महिन्याच्या सरासरीत हे दुसरं दुखणं औषधालाही दिसत नाही, कारण पहाटे तीनचा उत्तम वेग त्यावर पांघरूण घालतो, आणि पहाटे तीनला आमच्या घरी कोणी जागं नसतं.

पहिल्यासाठी कंपनीकडून आलेल्या पोराला मी वही दाखवली. ‘तम्मा, या तारखेपासून बघ.’ त्याने पिवळी वायर काढून प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली: उणे २८ डीबीएम. बाहेरच्या खांबावरचा जोड त्याने नव्याने केला, टोक पुसलं, पुन्हा लावलं: उणे २१. घरगुती फायबरला उणे २७ च्या खाली प्रकाश पुरत नाही, म्हणून डबा अधूनमधून लाल दिवा दाखवत होता. काम अर्ध्या तासाचं होतं.

दुसरं त्याच्या हातातलं नव्हतं. घरोघरी येणाऱ्या फायबरमध्ये साधारण अडीच गिगाबिटची एक वाट ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. चौसष्ट घरांनी एकदम पूर्ण मागणी केली तर भागाकार ३९ च्या आसपास येतो. अडचण या वाटणीत होती की पुढच्या मुख्य लाइनवर, हे माझ्या वहीवरून ठरत नाही. वाढीव क्षमता देणं कंपनीचं काम, एवढंच ठरतं. दोन तक्रारी वेगळ्या लिहिल्या म्हणून एक लगेच सुटली आणि दुसरीचं योग्य टेबल कळलं. एकत्र केल्या असत्या तर ‘बरोब्बर ऐत्रि’ हेच उत्तर दोन्हींना पुरलं असतं.

शब्दप्रमाणही पारखून घ्यावं लागतं. भारत सरकारच्या लेखी २००४ साली २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, २०१३ पासून ५१२, आणि २०२३ पासून २ एमबीपीएस. त्यामुळे ‘तुम्हाला ब्रॉडबँड मिळतंय’ हे वाक्य खरं असूनही आपल्या उपयोगाचं नसेल. आपल्याशी झालेला करार १०० चा आहे. वाद त्याच आकड्यावर घालावा.

धर्मग्रंथ, गुरू, डॉक्टर, बातमी, शेजारी, सगळ्यांच्या बाबतीत हीच पद्धत चालते. सरसकट संशय घेणं ही चिकित्सा नव्हे, आणि सरसकट विश्वास ही श्रद्धा नव्हे. शंकेला कारण दाखवा, दोष आधी आपल्या साधनात शोधा, समोरच्याचा पूर्वपक्ष त्याच्यापेक्षा नीट मांडा, आणि समाधान झालं की थांबा. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने वहीत एक रकाना शेऱ्यासाठी रिकामा ठेवावा, आणि त्यात पहिली नोंद स्वतःच्या घराची करावी.