तोडीची तारीख

लग्नपत्रिकेच्या तळाशी हल्ली एक ओळ ठरलेली असते : कृपया पुष्पगुच्छ आणू नयेत. सत्काराच्या निमंत्रणावर हीच सूचना जरा कडक सुरात येते. जून २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कोचीच्या एका कार्यक्रमात पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्या, असे आवाहन केले. ‘बुके नको, बुक द्या’ हे यमक आता सरकारी कार्यालयांपासून सोसायटीच्या वार्षिक सभेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. पुस्तकांशी कोणाचे वाकडे असण्याचे कारण नाही. पण यमकामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. फूल उद्या कोमेजणार म्हणून ते वाया, पुस्तक टिकणार म्हणून ते सार्थकी. सत्कारात मिळालेली किती पुस्तके पुढे उघडली जातात, हे विचारण्याचा अगोचरपणा मात्र कोणी करत नाही.

यमकवाल्याला उत्तर द्यायचे तर आधी फूल कुठून येते ते पाहावे लागेल. शेडनेट, पॉलिहाऊस, ठिबक यांच्या यशोगाथा वाचकांनी शेतीच्या पानांवर पुष्कळ वाचल्या आहेत. १९९१ नंतर पुणे आणि बंगळूरच्या आसपास मोठ्या कंपन्या डच तंत्रज्ञान घेऊन फुलांत उतरल्या, त्यातल्या बऱ्याच गाळात गेल्या, तळेगावला एमआयडीसीचे फ्लोरिकल्चर पार्क उभे राहिले आणि भाताचे खाचर कसणारा मावळातला शेतकरी गुलाबाच्या जातींची नावे इंग्रजीत घेऊ लागला. इथवर सगळ्यांना माहीत असते. कात्री चालल्यानंतरचे फारसे कोणी सांगत नाही, आणि खरा धंदा तिथेच सुरू होतो.

फुलबाजारात एक वाटणी अगदी पक्की आहे. एकीकडे सुटी फुले : झेंडू, शेवंती, मोगरा, गावरान गुलाब, सिंगल गुलछडी. ती किलोवर जातात, क्रेटमधून किंवा पोत्यातून येतात, आणि हारात, तोरणात, देवाच्या पायाशी संपतात. दुसरीकडे दांडीची फुले : डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन, डबल गुलछडी. ती नगावर किंवा गड्डीवर जातात. या दोहोंचा भाव, पॅकिंग आणि गिऱ्हाईक तर वेगळे आहेच, पण खरा फरक वेळेचा आहे. सुटे फूल तोडले तेव्हाच त्याचा कारभार आटोपला, आणि हे विकणारा आणि घेणारा दोघेही धरून चालतात. दांडीचे फूल मात्र तोडलेच नाही असे भासवावे लागते. त्याला पाणी पाजायचे, थंडीत झोपवायचे, उजेडात जागे करायचे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते त्याच्या शिल्लक दिवसांचे.

मावळातल्या एखाद्या पॉलिहाऊसमध्ये सकाळी डोकावले तर हे नाटक जवळून दिसते. बाहेरची एखाद-दुसरी पाकळी सैल झालेली कळी बायका नेमकी हेरतात. आज काढली नाही तर दुपारच्या उन्हात ती उमलते आणि लांबच्या बाजाराला निकामी होते; फार घट्ट काढली तर फुलदाणीत कधी उघडतच नाही. कात्रीचा आवाज झाला की दांडी थेट बादलीत. कापलेल्या टोकातून हवा आत शिरली किंवा पाण्यातल्या जिवाणूंनी नळ्या बुजवल्या, तर कळीपर्यंत पाणी पोचत नाही आणि दोन दिवसांत गुलाब अक्षरशः मान टाकतो. म्हणून बादलीच्या पाण्यात ॲल्युमिनियम सल्फेट. पुढे ग्रेडिंगच्या टेबलावर सेंटिमीटरच्या खुणा असतात : चाळीस, पन्नास, साठ. दांडी आडवी ठेवायची, खालची पाने ओरबाडायची, वाकडी मान किंवा फिकट डाग दिसला की बाजूला टाकायची. वीस-वीसच्या गड्ड्या नालीदार कागदात गुंडाळून दोन ते चार अंशांच्या शीतगृहात जातात. तापमान दहा अंशांनी चढले की फुलाच्या श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, म्हणजे साठवलेली साखर तितक्या लवकर संपते. गाडी उन्हात तासभर उभी राहिली तर त्या तासाची वजावट कोणाच्या तरी घरच्या फुलदाणीतून होते. ते गिऱ्हाईक अर्थातच दुकानदाराला शिव्या घालते.

यात व्हॅलेंटाइनचा दिवस आला की सगळी तारेवरची कसरत. १४ फेब्रुवारी ही तारीख गुलाबाला ठाऊक नसते. त्याला ती डिसेंबरात शिकवावी लागते : छाटणी किंवा फांद्या वाकवणे अशा बेताने करायचे की लाल कळ्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून हाती याव्यात. रात्री थंडी जास्त पडली तर माल लांबतो, मध्येच ऊब आली तर आधीच उमलून बसतो. परदेशचा माल आधी जातो, देशातला त्यानंतर. आणि १५ तारखेला तोच गुलाब, तितक्याच लांबीचा, तितकाच लाल, कवडीमोल.

इथे वाट वाकडी करून नेदरलँड्समधल्या आल्समीरला जायला हरकत नाही, कारण फुलांच्या व्यापाराचे पंढरपूर तिथे आहे. विमानतळाच्या शेजारी एक अवाढव्य इमारत, आत पहाटेपासून फुलांच्या ढकलगाड्यांची गर्दी आणि भिंतीवर लिलावाचे घड्याळ. आपल्याकडे लिलाव म्हटले की आवाज चढतो आणि भावही चढतो. तिथे उलटे. काटा वरच्या भावापासून खाली घसरत येतो. जो आधी बटण दाबेल त्याचा माल. घाई केली तर महाग पडते, थांबले तर दुसरा उचलतो. एकेक सौदा काही सेकंदांत निकालात निघतो, कोणी कोणाशी बोलत नाही. ज्या मालाचे आयुष्य दर तासाला घटते, त्याच्या लिलावात घासाघीस परवडत नाही. म्हणून घसरता काटा. बंगळूरला हेब्बाळच्या केंद्रातही लिलाव याच पद्धतीने होतो. दादरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईत काटा नाही, पण उतरंड तीच. उजाडण्यापूर्वीचा भाव आणि ऊन चढल्यावरचा भाव यांची एकमेकांशी ओळखही नसते.

आता यमकवाला पवित्रा बदलतो. कोमेजण्याचे सोडा, तो म्हणतो, फुलासारख्या चैनीसाठी विमाने उडवायची? हा प्रश्न वरवरचा नाही. केनियातल्या नैवाशा सरोवराकाठचे गुलाब नैरोबीहून विमानाने युरोपात जातात, आणि सरोवराच्या पाण्यावरून तिथे वर्षानुवर्षे भांडण आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरून युरोपचे आकाश जवळपास आठवडाभर बंद पडले, तेव्हा केनियात टनावारी फुले फेकून द्यावी लागली. ज्वालामुखी एका खंडात, उपासमार दुसऱ्या खंडात. पण विमान म्हणजे पाप हे समीकरण तितके सरळ नाही. २००७ मध्ये ब्रिटनच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने हिशेब मांडला : बारा हजार केनियन गुलाबांमागे विमानासकट सुमारे सहा हजार किलो कार्बन डायऑक्साइड, आणि तितक्याच डच गुलाबांमागे सुमारे पस्तीस हजार. कारण हॉलंडचे काचघर हिवाळाभर गॅस जाळून तापवायचे आणि दिव्यांनी उजळायचे. अभ्यास करवून घेणारे स्वतः फुलांचे व्यापारी होते, हे ध्यानात ठेवूनही तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही. शिवाय आपल्याकडच्या सत्कारातला गुलाब विमानात बसलेला नसतो. तो तळेगावहून टेम्पोने दादरला येतो, शंभर-सव्वाशे किलोमीटर.

एका जागी मात्र यमकवाल्यापुढे मान तुकवावी लागते. गुच्छात फूल किती आणि बाकीचे काय, हे त्याने विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. चकचकीत प्लास्टिकचे वेष्टण, रिबन, चमकी, आणि तळाला तो हिरवा स्पंज. ओहायोतल्या व्हर्नन स्मिदर्स यांनी १९५४ मध्ये बाजारात आणलेला हा फेस दिसायला शेवाळासारखा असला तरी चक्क प्लास्टिक आहे आणि चुरा होऊन तसाच राहतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला मज्जाव केला. फूल गेले की हा लवाजमा मागे उरतो. पण हा दोष फुलाचा नाही. मेव्याच्या डब्यावरही तेवढेच प्लास्टिक असते आणि ‘मेवा नको’ असे कोणी पत्रिकेत छापत नाही.

तर मग फूल टिकते, योग्य जपले तर आठवडाभर टिकते, असे सांगून यमकवाल्याचे तोंड बंद करावे काय? फूल उत्पादकांची बाजू मांडणारे बहुतेकजण हेच करतात, आणि युक्तिवाद इथवर आला की हीच वाट सोयीची वाटते. पण गुलाब नाकाशी नेला की ती वाट अडते.

त्याला वास नाही. असला तरी पानाच्या चुऱ्यासारखा. गेली कित्येक दशके गुलाबाची पैदास दांडी सरळ हवी, पाकळी जाड हवी, खोक्यात दिवस काढता यायला हवेत, या अटींवर झाली. या अटींच्या यादीत वास नव्हता आणि तो मागच्या मागे गळाला. २०१५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये याचा एक धागा उलगडून दाखवला. ‘पापा मेयाँ’ हा घमघमणारा गुलाब आणि ‘रूज मेयाँ’ हा जवळपास मुका, यांची तुलना करताना त्यांना एक जनुक सापडले. सुगंधी जातीत ते कामाला लागलेले असते, दुसरीत गप्प. दुकानातल्या लांबलचक लाल गुलाबापेक्षा हारातला, बसका, दुपारपर्यंत सुकणारा गावरान गुलाब घरात आल्याचे कळते ते याच कारणाने.

मग हिशेब फिरतो. टिकणे हाच फुलाचा गुण मानला, तर स्पर्धा कोणाशी लागते? प्लास्टिकच्या फुलाशी. टिकण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. मांडवांतून, हॉटेलांतून, मंगल कार्यालयांतून त्याने खऱ्या फुलाला आधीच हुसकावले आहे. १ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, पण त्या यादीत प्लास्टिकची फुले नव्हती. त्यांच्यावरही बंदी हवी म्हणून फूल उत्पादकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. बंदी यावी, कारणे पुरेशी आहेत. पण उत्पादक ज्या टिकाऊपणाची जाहिरात करत आले, तोच त्यांच्या मुळावर आला आहे, हेही खरे. यमकवाला आणि फुलवाला एकाच तागडीने तोलत होते. एकाने त्यात पुस्तक टाकले, बाजाराने प्लास्टिक टाकले.

सुट्या फुलांची तरी दशा चांगली आहे का? नाही. दसऱ्याच्या दुपारी रस्त्याकडेला ओतून दिलेले झेंडूचे ढीग दरवर्षी छापून येतात. पावसात भिजलेला झेंडू तर दादरला पोचेपर्यंत काळा पडायला लागतो. शिर्डीत कोविडच्या काळात हार-फुले नेणे बंद झाले, साथ ओसरल्यावरही बंदच राहिले, तेव्हा आजूबाजूच्या गावांतले गुलाबवाले रस्त्यावर उतरले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. एकाच दारावर विसंबलेल्या मालाचे हे असे होते. (आणि ज्याच्यावाचून आपला दसरा होत नाही तो झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे तो मृतांच्या सणाला वाहतात. परंपरेच्या गप्पा मारताना इतके लक्षात असावे.) तरीही सुट्या फुलाची एक बाजू भक्कम आहे. दाराला प्लास्टिकचे तोरण लावणारे घरही देव्हाऱ्यात प्लास्टिकचा झेंडू वाहत नाही. तिथे फूल आजचे आहे एवढ्यालाच किंमत असते. काल वाहिलेले आज निर्माल्य, आणि त्याला कोणी वाया गेले म्हणत नाही.

दांडीच्या फुलानेही हीच बाजू घ्यावी. कोमेजते हे लपवू नये, उलट तेच विकावे. त्यासाठी भाषणे नकोत, गड्डीच्या कागदावर तोडीची तारीख छापली तरी पुरे. दुधाच्या पिशवीवर तारीख चालते, पावावर चालते, फुलावरच का नको? आज गिऱ्हाईकाला गुलाब कधी कापला हे कळायला मार्ग नाही. ते देठाला अंगठ्याने दाबून बघते, बाहेरच्या पाकळ्या मोजते, आणि दुकानदाराने वाळक्या पाकळ्या आधीच सोलून काढल्या असतील तर तेही त्याला समजत नाही.

दुकानदार विरोध करतील हे उघड आहे. तीन दिवस शीतगृहात बसलेला माल त्यांना सणाच्या भावाने विकता येणार नाही. बडे निर्यातदारही खळखळ करतील, कारण त्यांचा प्रवास उलट्या दिशेने चालला आहे. विमानभाडे वाचवायला केनियाचे गुलाब आता जहाजातही चढतात आणि मोम्बासाहून युरोपात पोचायला त्यांना सुमारे महिना लागतो. थंडी आणि हवा काटेकोर राखली तर ते बऱ्या अवस्थेत उतरतात, ही तंत्राची करामतच. पण त्या गड्डीवर तारीख छापायची म्हणजे महिन्यापूर्वीचा दिवस छापायचा.

मावळातल्या शेतकऱ्याला असे लपवण्यासारखे काही नाही. त्याने सकाळी कापलेली गड्डी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दादरच्या गाळ्यावर असते, आणि आजघडीला तिचा भाव ठरतो तो फक्त दांडीच्या सेंटिमीटरवर.