रस्त्याचा हक

कापूरबावडीहून जुन्या आग्रा रोडने निघून बाळकुम नाका ओलांडला की कशेळीच्या पुलापर्यंतचा जो पट्टा लागतो, तो ज्यांनी दुचाकीवरून पाहिला आहे त्यांना फारसे काही समजावून सांगावे लागणार नाही. एका अंगाला भिवंडीच्या गोदामांकडे जाणारे कंटेनर आणि टेम्पो, मध्ये मेट्रोचे खांब, पावसाळ्यात खड्डे आणि चिखल, उन्हाळ्यात धूळ. राबोडीहून काल्हेरच्या गोदामात कामाला जाणारे, पाठीवर पार्सलची पिशवी अडकवलेले, बायकामुलांना मागे बसवून भिवंडीला नातेवाइकांकडे निघालेले, असे सगळेच या गर्दीत असतात. आणि याच गर्दीतून अठरा-एकोणीस वर्षांचा एखादा मुलगा मोठ्या ताकदीची गाडी घेऊन डाव्या अंगाने कट मारून निघून जातो. तो दिसेनासा होण्याआधीच वीस-पंचवीस वर्षे हँडल धरलेल्या माणसांच्या तोंडून एक वाक्य निघते, 'मरेगा एक दिन.'

आम्हाला विचार करावासा वाटतो तो या वाक्याचा. त्या मुलाचे चुकते, याबद्दल दुमत नाही. प्रश्न असा आहे की, ज्याला रस्ता कळतो आणि यंत्र कळते, त्याचे कर्तव्य एवढे म्हटल्यावर संपते का? हे वाक्य भाकीत आहे, शाप आहे, की हात झटकणे आहे?

आधी गाड्यांचे पाहू. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा तिच्या इंजिनाची ताकद साधारण सात अश्वशक्ती होती. आपल्या वडिलांच्या पिढीने नोकरी, लग्नकार्य, दवाखाना, सगळे त्या ताकदीवर निभावले. २००१ साली पल्सर आली आणि ताकदीची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. २०१३ साली भारतात आलेल्या केटीएमच्या ३९० ड्यूकची ताकद होती त्रेचाळीस अश्वशक्ती, आणि ती गाडी तयार होत होती आपल्याच चाकणला. तीस वर्षांच्या आत इंजिनाची ताकद सहापट झाली, परवाना मात्र होता तिथेच राहिला. आरटीओच्या मैदानात लहानशा गिअरच्या गाडीवर आठाचा आकडा काढून दाखवला की मिळणाऱ्या कागदावर शंभर सीसीची गाडीही चालते आणि हजार सीसीचीही. हप्ते भरण्याची तयारी असली की शोरूमवाला किल्ली देतो. हात किती तयार आहेत हे विचारण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरच टाकलेली नाही.

वेगाचे गणित साधे आहे, पण ते अंगात मुरायला वर्षे लागतात. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते, ऐंशीच्या वेगाने बावीस मीटर. म्हणजे धोका दिसून ब्रेककडे बोटे जाईपर्यंतच दुप्पट अंतर कापले जाते. त्यापुढे ब्रेक लागल्यावर थांबायला जे अंतर लागते ते दुप्पट नव्हे, चौपट होते. नवखा मुलगा घाबरला की ब्रेक सगळ्या जोराने आवळतो, चिखलात चाक जागीच बांधले जाते आणि गाडी खालून निसटते. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले आहे, त्याने चाक बांधले जाणे टळते. पण कंटेनरच्या डाव्या अंगाला, जिथे ड्रायव्हरला काहीच दिसत नाही, तिथे घुसू नये ही अक्कल कोणत्याही यंत्रात बसवून मिळत नाही.

इथे एक भेद करायला हवा, जो नाक्यावरच्या गप्पांत कधीच केला जात नाही. अजाण वेगळा आणि बेफिकीर वेगळा. अजाण मुलाकडे कसब नसते, त्याला शिकवावे लागते. बेफिकिराकडे कसब असूही शकते, त्याच्याकडे दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नसते, त्याला आवरावे लागते. आपण दोघांना एकाच शिवीत कोंबतो. त्यात आणखी एक सोय अशी की अनुभवी माणूस आपोआप निर्दोष ठरतो. वास्तविक तीस वर्षे गाडी चालवणारा, कानाला मोबाइल लावून उलट्या बाजूने येणारा गृहस्थ बेफिकीरच असतो, फक्त त्याच्या गाडीचा आवाज मोठा नसतो.

त्या शिवीबद्दलही बोलले पाहिजे. अशा मुलांना हल्ली सर्रास 'छपरी' म्हटले जाते. भडक रंगाचे केस, मोठी गाडी आणि फोडलेला सायलेन्सर दिसला की हा शब्द येतो. बोलणाऱ्याला त्यात काही वाटत नाही. पण छप्पर शाकारणारे छप्परबंद ही आपल्या महाराष्ट्रातली एक जमात आहे, तिच्यात मुसलमान मोठ्या संख्येने आहेत, आणि राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत तिचे नाव आहे. इंग्रजांनी तिला गुन्हेगार जमातींत घातले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. या शिवीचा उगम त्या जमातीशी जोडणारे पुष्कळ आहेत. तो नेमका तिथला असो वा नुसत्या छपराखाली राहणाऱ्या गरिबाचा, शिवीचा रोख माणसाच्या चुकीवर नसून त्याच्या पायरीवर आहे, हे उघड आहे. त्या मुलाने सिग्नल तोडला हा राग असेल तर सिग्नल तोडला असे म्हणावे. त्याच्या घराच्या छपराचा संबंध काय?

पायरीचा हा फरक मोठ्या घटनांतही दिसतो. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने काही तासांतच त्याला जामीन दिला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देशभर संताप उसळल्यावर तो आदेश बदलला गेला. अजाण हात आणि अफाट ताकद हा रोग झोपडपट्टीतून येत नाही, तो सगळ्या थरांत आहे. फरक इतकाच की एका थराला शिवी मिळते आणि दुसऱ्याला वकील मिळतो.

तिरस्काराच्या उलट टोकाला लाड आहे, आणि आपल्या मोहल्ल्यात तोच जास्त. दहावी झाली, मुलगा हट्टाला पेटला, अब्बांनी आखातातून पैसे पाठवले किंवा मामूंनी हप्त्याची हमी घेतली, गाडी दारात आली. 'लडका है, उमर है' म्हणून कौतुक झाले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. कायद्याने आज हे सांगितले. किल्ली ही अमानत आहे आणि अमानत पेलू न शकणाऱ्याच्या हाती ती देणे हीच खियानत आहे, ही समज मात्र आपल्याकडे कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आणि तिसरी वृत्ती नशिबाची. अपघात झाला की घरात सांत्वनाला आलेले लोक म्हणतात, मौत लिखी थी. ज्या आईचा मुलगा गेला तिच्यासाठी हा आधार आहे आणि तो कोणी काढून घेऊ नये. पण जिवंत मुलाच्या बाबतीत हेच वाक्य म्हणणे म्हणजे तवक्कुलचा अर्थ उलटा करणे आहे. आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, ही पैगंबर साहेबांची शिकवण प्रत्येक मदरशात शिकवली जाते. हेल्मेटचा बंद आवळणे ही आजची उंट बांधण्याची रीत आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे पंचाहत्तर हजार दुचाकीवरची होती, आणि पन्नास हजारांवर मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. एवढ्या जणांचे उंट मोकळे होते.

शिवाय दुसऱ्याच्या मरणाचे काय? कुराणाने चुकून झालेल्या हत्येचाही हिशेब ठेवला आहे. इरादा नव्हता म्हणून मारणारा मोकळा होत नाही. मृताच्या वारसांना दियत द्यावी लागते, वर कफ्फारा असतो, गुलाम मुक्त करणे शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे. यामागचा विचार खोल आहे. समजा, कशेळीच्या पुलावर दोन मुले सारख्याच वेगाने, सारख्याच बेपर्वाईने गेली. एकाच्या समोर म्हातारा आला, दुसऱ्याच्या समोर कोणी आले नाही. पहिल्याला आपण खुनी म्हणतो, दुसऱ्याला 'क्या चलाता है' म्हणतो. दोघांनी केले ते एकच. फरक घडला तो त्यांच्या हातात नसलेल्या गोष्टीमुळे. मग जो वाचला त्याला शाबासकी देणारा माणूस पहिल्याच्या गुन्ह्याला पाणी घालत नाही काय?

तर मग योग्य वृत्ती कोणती? आम्हाला तिचा नमुना हदीसच्या ग्रंथांत सापडतो. मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या जात. सहीह बुखारीत नोंद आहे की पैगंबर साहेबांनी तयार केलेल्या घोड्यांसाठी हफ्यापासून सनियतुल विदापर्यंतचे अंतर ठरवले, पाच-सहा मैलांचे. जे घोडे तयार नव्हते त्यांना सनियतुल विदापासून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंतच धावायचे होते, म्हणजे सुमारे एक मैल. नवख्याला मैदानाबाहेर काढले नाही, त्याची टिंगलही झाली नाही आणि त्याला तयार घोड्यांच्या बरोबरीने सोडलेही नाही. त्याच्या आवाक्याचे अंतर त्याला दिले.

आज इंग्लंडमध्ये दुसरे काय करतात? सतराव्या वर्षी १२५ सीसीपर्यंतची गाडी, एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि त्यावर दोन वर्षे काढल्यावर एकविसाव्या वर्षी किंवा थेट चोविसाव्या वर्षी हवी ती. जपानमध्ये सोळाव्या वर्षी ४०० सीसीपर्यंत, त्यापुढच्या गाडीला अठरा वर्षे आणि वेगळा परवाना. आपल्या देशात असा कायदा व्हायला हवा, त्यासाठी आवाज उठवायला हवा. पण जे काम मदिनेत घोडा पाळणाऱ्यांनी केले ते बाळकुममध्ये किंवा मुंब्र्यात करायला कोणी अडवलेले नाही. बापाने ठरवावे की आधी दोन वर्षे शंभर-सव्वाशे सीसी. गॅरेजच्या मिस्त्रीने ठरवावे की सायलेन्सर फोडून देणार नाही. मोठ्या भावाने रविवारी पहाटे मोकळ्या जागी नेऊन ब्रेक कसा दाबायचा ते शिकवावे.

हदीसमध्ये आणखी एक तत्त्व येते. वैद्यक न शिकता जो इलाज करील तो नुकसानीला जबाबदार. रोग्याला बरे करण्याची त्याची इच्छा खरी असली तरी सुटका नाही, कारण कसब नसताना दुसऱ्याच्या जिवाला हात घालणे हाच त्याचा दोष. नवशिक्या हातांनी त्रेचाळीस अश्वशक्ती भर बाजारातून नेणाऱ्याला हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. कंपाउंडरला शस्त्रक्रिया करताना पाहून जाणता डॉक्टर नुसता हसून निघून गेला, तर त्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

यावर आक्षेप ठरलेला आहे. आजकालची मुले ऐकतात कुठे? सांगायला जावे तर उलट उत्तर देतात. खरे आहे. पण आपण सांगतो कसे तेही पाहावे. चारचौघांत केलेली नसीहत ही नसीहत राहत नाही, ती फजिती होते, आणि फजित झालेला मुलगा पुढच्या वळणावर जास्त रेस देतो. ज्या मुलाला शाळेने विचारले नाही आणि नोकरीने दारात उभे केले नाही, त्याच्याकडे सिग्नलवर लोक वळून पाहतात ते फक्त या गाडीमुळे. ती त्याची इज्जत आहे. तिच्यावर थुंकून त्याला काही शिकवता येणार नाही. 'गाडी छान आहे बेटा, चेन ढिली वाटते, ये जरा' असे म्हणून सुरुवात केली तर तो थांबतो. थांबला म्हणजे पुढचे बोलता येते.

रस्त्याच्या कडेला बैठक मारणाऱ्या साथीदारांना पैगंबर साहेबांनी रस्त्याचा हक अदा करायला सांगितले होते. नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, भल्याचे सांगणे आणि बुऱ्यापासून रोखणे. म्हणजे रस्त्यालाही हक असतो आणि तो फक्त चालणाऱ्यावर नाही, बघणाऱ्यावरही आहे. नाक्यावर चहा पीत 'मरेगा एक दिन' म्हणणारा माणूस बघणाऱ्यांतला आहे.

जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया आहे. वस्तीतल्या काहींनी अदा केली तर सगळे सुटतात, कोणीच केली नाही तर सगळे गुन्हेगार. म्हणून जवान मुलाचा जनाजा निघाला की शेकडो माणसे येतात, खांद्यासाठी रांग लागते. बुऱ्यापासून रोखणे हेही उलेमांनी याच वर्गातले फर्ज मानले आहे. वस्तीतल्या एका माणसाने त्या मुलाला वेळेवर थांबवले असते, त्याची गाडी दोन वर्षे पुढे ढकलली असती, त्याच्या हनुवटीखालचा बंद आवळला असता, तर आपण सगळेच सुटलो असतो. पहिल्या फर्जसाठी आपण दुकाने बंद करून धावतो. दुसऱ्यासाठी एक माणूस पुरतो, आणि तो कोण असावा हे प्रत्येक मोहल्ल्याने आपल्या इमामसाहेबांना, आपल्या मिस्त्रीला आणि आपल्या घरातल्या सगळ्यात जुन्या चालकाला विचारून येत्या जुम्यापूर्वी ठरवावे.