लुटुपुटूचा माल आणि खरी जबाबदारी

अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे क्लबांत एचओ हे प्रमाण सर्वांत रूढ आहे. त्यात खऱ्या गाडीचे माप ८७ पटींनी लहान होते. एवढ्याशा उघड्या वाघिणीतला कोळसा पुष्कळदा खराच असतो, पण फक्त वरच्या थरापुरता. खाली फोमचा ठोकळा आणि त्यावर कुटून, चाळून गोंदाने चिकटवलेला चुरा. ठोकळ्यात लोखंडाचा तुकडा दडवला की चुंबकाने माल उचलून वाघीण रिकामी करता येते. काही क्लबांची रचना याहून सुंदर असते. खाण आणि वीजकेंद्र मधल्या देखाव्याच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून उभे करतात व रूळ आरपार नेतात. वीजकेंद्रात ढकललेल्या भरल्या वाघिणी पलीकडे खाणीतून भरलेल्याच निघतात, आणि खाणीत गेलेल्या रिकाम्या वीजकेंद्रातून रिकाम्याच. कोळसा कधी खणला जात नाही की जळत नाही.

तरी सभासद तो वेळेवर पोचवणे आपले कर्तव्य मानतात. हे कर्तव्य येते कुठून?

निष्काम कर्माचा विचार इथे चटकन आठवतो, पण तो पुरत नाही. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते. इथे मुळात फळच नाही. बर्नार्ड सूट्स यांनी १९७८च्या ‘द ग्रासहॉपर’मध्ये अनावश्यक अडथळे स्वखुशीने पार करणे म्हणजे खेळ, असे मांडले. हाताने सहज उचलता येणारी वाघीण इंजिनाने शंटिंग करून का न्यायची, हे त्यातून कळते. जबाबदारीचे कोडे मात्र उरतेच.

उत्तर बंद वाघिणीत सापडते. तिच्यात काहीच नसते. माल असतो तो कार्डावर. प्रत्येक वाघिणीच्या कार्डाला खिसा, त्यात कुठून कुठे जायचे ते सांगणारी चिठ्ठी. यार्डातल्या सभासदाने वाघीण चुकीच्या गाडीला जोडली, तर पुढच्या स्टेशनावरच्या सभासदाचे काम अडते. माल काल्पनिक, पण वाट पाहणारा माणूस खरा. कर्तव्य त्या माणसाप्रती असते. योहान हाउझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’मध्ये (१९३८) खेळ उधळणाऱ्याला लबाडापेक्षा जास्त दोषी धरले जाते असे दाखवले, त्याचे कारणही हेच असावे: लबाड निदान नियम मानल्याचा देखावा करतो, उधळणारा सर्वांचे जगच मोडतो.

घरी एकट्याने चिठ्ठ्यांबरहुकूम गाड्या चालवणाऱ्यांना हे उत्तर लागू होत नाही. तिथे अडणारा दुसरा कोणी नसतो. उरते ते स्वतःच घातलेल्या नियमाचे पालन, आणि तो नियम त्यांना हवा तेव्हा बदलता येतो.