मजुरीचा रकाना

मोतीकामाच्या वर्गाची जाहिरात मी दर तीन-चार महिन्यांनी व्हॉट्सॲपवर टाकते. तोरणं, महिरपी, रुखवताच्या वस्तू, गौरीचे दागिने, संक्रांत जवळ आली असेल तर हलव्याचे दागिने. खाली फी आणि वेळ, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: 'घरबसल्या उत्पन्नाची संधी'. ही ओळ सगळ्यांच्याच जाहिरातीत असते, म्हणून माझ्याही जाहिरातीत आली. हल्ली ती टाकताना माझा अंगठा अडखळतो.

ओळ धडधडीत खोटी आहे असं म्हणता येणार नाही. माझं घर याच कामावर चाललं आहे, मुलाचं शिक्षण याच कामावर झालं. पण कामाच्या नेमक्या कुठल्या भागावर, ते मी जाहिरातीत लिहीत नाही. वही उघडली की स्पष्ट दिसतं. सर्वांत मोठी जमा वर्गाच्या फीची. तिच्या खालोखाल विद्यार्थिनींना विकलेल्या किटची. हातानं केलेल्या वस्तू विकून आलेले पैसे तळाला, तेही गणपती आणि लग्नसराईत तेवढे डोळ्यांत भरण्याजोगे. म्हणजे मोतीकाम करून पैसे मिळतात असं सांगून मी बायकांना बोलावते, आणि मला पैसे मिळतात ते त्या येतात म्हणून.

चौरंगाभोवती मांडायची एक बऱ्यापैकी महिरप घ्या. मोती, कटदाणा, तंगूस, मागे लावायचं कापड मिळून अडीचशेचा माल. सराईत हाताला वीस-बावीस तास लागतात. किंमत साडेसातशे सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं, 'तुळशीबागेत तर निम्म्यात मिळते', आणि सातशेवर सौदा होतो. उरले साडेचारशे, म्हणजे तासाला वीस-बावीस रुपये. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी एवढ्यात नळसुद्धा सोडणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

ही साडेसातशे किंमत आली कुठून? मीच शिकवते त्या नियमातून. 'मालाच्या तिप्पट किंमत लावा', हे मी प्रत्येक वर्गात सांगत आले. लक्षात ठेवायला सोपं, सांगायला सोपं. पण या नियमात कामाच्या तासांना जागाच नाही. मण्यांचा नंबर जितका मोठा तितका मणी लहान. अकरा नंबरचा मणी जेमतेम दोन मिलिमीटरचा. त्यात मोरपिसाचा एक डोळा भरायचा तर माल मूठभरही लागत नाही, आणि मान मात्र मोडून येते. तिप्पटीच्या नियमानं ती वस्तू जाडजूड प्लास्टिक मोत्यांच्या तोरणापेक्षा स्वस्त पडते. काम जितकं बारीक, तितका हा नियम करणारणीच्या मुळावर येतो. हे मला बेरीज-वजाबाकी येत नाही म्हणून कळलं नव्हतं अशातला भाग नाही. वहीत माल, प्रवास, विक्री असे रकाने होते, मजुरीचा नव्हता, आणि तो नव्हता म्हणून बरं वाटत होतं.

सराफकट्ट्याजवळ बसणाऱ्या पटवेकऱ्याकडे कधी मंगळसूत्र गाठवून घेतलंत तर पाहा. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून माणूस भराभर काळे मणी ओवतो, मध्ये वाट्या घेतो, शेवटी गाठ वळतो आणि मजुरी सांगतो. लोक निमूट देतात. दोराही तसाच, मणीही तसेच, बोटं तर माझीही चालतात. पण त्याच्या हातात गिऱ्हाइकाचं सोनं असतं, बसायला दुकानाची फळी असते आणि त्याच्या कामाला कुणी विरंगुळा म्हणत नाही. मला मात्र म्हणतात, 'टीव्ही बघता बघता होत असेल ना!' होतं हो, पण मग मोजण्यात चूक होते आणि टीव्ही बंद करून उसवावं लागतं.

तरी शिकवण्यात लबाडी आहे का, असं मनाला विचारलं की मन एक चेंडू पुढे करतं. तंगुसाच्या दोन्ही टोकांनी, आमनेसामने ओवत चार मण्यांची फुलं एकमेकांना जोडत गेलं तर चटईसारखी सपाट पट्टी होते. सहा-सहा मण्यांचीही सपाटच होतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. पाच मण्यांची घेतली की काम हट्टानं वर उचलायला लागतं. नवखी बाई घाबरते, 'ताई, माझं वाकडं होतंय'. मी म्हणते, होऊ दे. प्रत्येक मणी दोन फुलांच्या मध्ये सामाईक, म्हणून बारा फुलं होतात ती साठ नव्हे तर तीसच मण्यांत. शेवटच्या फुलासाठी नवा मणी घ्यावाच लागत नाही. आधीच्या पाचांतून तंगूस फिरवून ओढला की सगळा पसारा बोटांत गोल मिटतो. त्या वेळी त्या बाईच्या तोंडावर जे येतं ते मी पैशात मोजलेलं नाही. साठीच्या निवृत्त शिक्षिकाही त्या चेंडूकडे पाहून लहान मुलीसारख्या हसतात.

हा माझा बचाव. तो खरा आहे, पण सोयीचाही आहे. 'मन रमतं, तेच मोठं' हे वाक्य ज्यांच्या घरी पेन्शन येतं त्यांच्या तोंडी शोभतं. एक मुलगी कात्रजच्या पुढून दोन बस बदलून यायची. फी तिनं भिशीतून उचलून भरली होती. तिलाही मी तोच चेंडू त्याच उत्साहानं शिकवला. ती हुशार निघाली, हात स्वच्छ, ओढ एकसारखी. आता ती एका व्यापाऱ्याला माळा ओवून देते, डझनावर दर. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, 'ताई, तुमच्यामुळे घरबसल्या काहीतरी चालू झालं.' डझनाचा दर तिनं सांगितला. मी मनातल्या मनात भाग दिला आणि तिला चहा पाज असं सुनेला सांगितलं. तिचे आभार खरे होते, म्हणून जास्त टोचले.

आणि मी स्वतः खरेदीला जाते तेव्हा? रविवार पेठेत बोहरी आळीत मणी वजनावर घेताना पाव किलोमागे दहा रुपये कमी करा म्हणून मी हुज्जत घालते. काचेचे पुष्कळ मणी उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरसारख्या गावांतून येतात. तिथे वितळलेल्या काचेपुढे बसून कुणीतरी ते घडवलेले असतात. अकीकाचे मणी खंभातचे. दगड घासताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन तिथल्या कारागिरांना सिलिकोसिस होतो. त्यावर डॉक्टरांनी, संशोधकांनी वर्षानुवर्षं लिहिलं आहे, आणि तो आजार बरा होत नाही. हे वाचल्यानंतरही माझ्या कपाटात अकीकाच्या दोन माळा आहेत, 'नैसर्गिक' अशी चिठ्ठी लावलेल्या. माझ्या बावीस तासांचं मोल गिऱ्हाइकानं ओळखावं ही माझी अपेक्षा. त्या माळेवर गेलेल्या श्वासांचं मोल कुणी ओळखायचं? मी तरी दहा रुपयेच कमी करून घेतले.

वर्गाच्या पहिल्या तासाला मी पाटण्याची गोष्ट सांगते. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. नेवाशाला ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, दोऱ्याचा अवशेषही टिकलेला. बायकांना हे ऐकून अभिमान वाटतो, पाठी ताठ होतात. तो अभिमान वाटावा म्हणूनच मी सांगत असे. पण नेवाशाच्या त्या माळेत मला हल्ली दुसरंच काही दिसतं. ती कुणी विकण्यासाठी ओवली नसेल, निदान त्या मुलाच्या गळ्यात घालताना तरी तिचा भाव कुणी केला नसेल. माझ्या विद्यार्थिनींचं सर्वांत देखणं कामही असंच असतं: लेकीच्या रुखवतातला राजहंस, नातवाच्या बोरन्हाणाचा हलव्याचा मुकुट. तिथे मजुरीचा रकाना काढणं अभद्र वाटेल. मग कुठे काढायचा आणि कुठे नाही, हे शिकवणं माझं काम होतं. मी सरसकट सगळ्यालाच 'संधी' म्हणून मोकळी झाले.

श्रावण लागायच्या आत नवा वर्ग सुरू होईल. जाहिरातीतली ती ओळ मी काढली आहे. जाऊबाई म्हणाल्या, 'मग येणार कोण?' त्यांचा प्रश्न रास्त आहे. चौकशीचे फोन खरंच कमी आले. पहिल्याच दिवशी पाटण्याच्या आधी महिरपीचा हिशेब फळ्यावर मांडायचा, मजुरीच्या रकान्यासकट, असं ठरवलं आहे. तिप्पटीचा नियम बंद. तासाचा दर जिचा तिनं ठरवायचा, आधी माल, मग तास, मग किंमत. आणि ती किंमत बाजारात येत नसेल तर ती वस्तू विकायला करायची नाही, लेकीसाठी करायची.

किटवरचा नफा मात्र मी कमी केलेला नाही. वर्गात बायका कमी आल्या तर तोच आधार आहे, आणि भाडं दर महिन्याला जातं. बोहरी आळीतून आणलेला माल पुड्या बांधून, वर सुई नि तंगुसाचं रीळ टाकून मी दीडपटीनं विकते. निवड, मोजणी, बांधणी यांत माझेही तास जातात, हे खरंच आहे. कुणी विचारलं, 'ताई, यात तुम्हाला किती सुटतात?' तर आकडा सांगेन. कुणी विचारलं नाही, तर फळ्यावरच्या हिशेबात तो आपणहून लिहीन का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.