मागच्या सीटवरची पर्स

जुलै १९९५. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात पहाटेच्या सुमारास महामार्गावरच्या पोलिसाने एक गाडी थांबवली. वेग जास्त होता आणि ब्रेकलाइट बिघडलेला होता. पुढच्या सीटवर तिघं बसली होती, चालक आणि दोन स्त्रिया. चालकाच्या शर्टाच्या खिशात सिरिंज दिसली. ती नशेसाठी वापरतो, हे त्याने विचारताच कबूल केलं. एवढ्यावर गाडीची झडती घ्यायला पोलिसाला सबळ कारण मिळालं. मागच्या सीटवर एक पर्स होती. दोघींपैकी एकीने ती आपली असल्याचं सांगितलं. तिच्याविरुद्ध वेगळं असं सबळ कारण नव्हतं, तरी पर्स उघडली गेली आणि आत मेथॅम्फेटामाइन सापडलं.

ही स्त्री म्हणजे हॉटन. ‘वायोमिंग विरुद्ध हॉटन’ हा तिचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १९९९ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला तो पोलिसांच्या बाजूने. न्यायमूर्ती स्कॅलिया यांचं म्हणणं असं : गाडीत ठेवलेल्या सामानाबाबत प्रवाशाची खासगीपणाची अपेक्षा मुळातच कमी असते, प्रवासी आणि चालक बऱ्याचदा एकाच उद्योगात सामील असतात आणि चोरटा माल दुसऱ्याच्या पिशवीत सारणं सोपं असतं. अंगझडतीची गोष्ट मात्र निराळी. तिथे माणसाची मानहानी होते, म्हणून १९४८ च्या एका निकालाने प्रवाशाला दिलेलं संरक्षण न्यायालयाने कायम ठेवलं. न्यायमूर्ती ब्रेयर बहुमताबरोबर होते. पण पर्स तिच्या खांद्याला असती तर आपण कदाचित वेगळा विचार केला असता, असं त्यांनी नोंदवलं.

म्हणजे पर्स तीच, बाईही तीच. खांद्यावर असली तर ती व्यक्तीचा भाग आणि सीटवर टेकवली की सामान. इथे प्रश्न कायद्यापुरता राहत नाही. माणूस नेमका कुठे संपतो?

विल्यम जेम्सने १८९० मध्ये लिहिलेल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात ‘स्व’ची व्याख्या फार सैल ठेवली. माणूस ज्याला ज्याला आपलं म्हणू शकतो, त्या साऱ्याची बेरीज म्हणजे त्याचा ‘स्व’. वेदान्त नेमका उलट जातो. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीर हे क्षेत्र आहे आणि त्याला जाणणारा वेगळा. त्या काटेकोर हिशोबात देह आणि पर्स एकाच बाजूला पडतात. दोन्ही ‘माझं’, पण दोन्ही ‘मी’ नव्हेत. न्यायालयाने या दोहोंच्या मधोमध रेघ मारली आणि तिचा आधार मानहानी हा धरला. आधार चांगलाच आहे, पण तो धरला तर पुढेही जायला हवं. गर्भनिरोधक गोळ्या, रक्ततपासणीचा रिपोर्ट, नवऱ्यापासून लपवून ठेवलेले चार पैसे : हे सगळं रस्त्याच्या कडेला परक्या माणसाने बोनेटवर मांडलं, तर झडती अंगाची नव्हती म्हणून अपमान कमी होतो का? खिसे चाचपण्यापेक्षा तो कधी कधी जास्तच असतो.

पोलिसांची अडचण खरी आहे. त्या पर्समध्ये खरोखरच अमली पदार्थ होते, आणि अशा वेळी प्रवाशाच्या हक्काची बाजू घेणं अवघड जातं. पण झडतीत काय निघालं यावरून झडती योग्य ठरवायची, तर निरपराध माणसाला संरक्षण उरतच नाही. त्याच्या पिशवीत काही नाही, हे पिशवी उघडल्यावरच कळणार.

प्रवाशाची कुचंबणा इतर निकालांतून आणखी उघडी पडते. १९७८ च्या ‘राकस विरुद्ध इलिनॉय’मध्ये न्यायालय म्हणालं, गाडी तुमची नाही आणि सापडलेली वस्तूही तुम्ही आपली म्हणत नाही, तर गाडीच्या झडतीला आक्षेप घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही. २००३ मध्ये ‘मेरीलँड विरुद्ध प्रिंगल’मध्ये मागच्या सीटच्या आर्मरेस्टमागे कोकेन सापडलं आणि गाडीतल्या तिघांनाही केलेली अटक वैध ठरली. गाडी अडवली की प्रवासीही अडवला जातो, त्यामुळे अडवण्याच्या वैधतेला तो आव्हान देऊ शकतो, एवढं तरी २००७ च्या ‘ब्रेंडलिन’ निकालाने मान्य केलं. एकूण हिशोब असा : संशयात प्रवासी गाडीचा भागीदार आणि हक्काची वेळ आली की परका. हा अन्याय आहे. आणि तो अधिक करून सोसावा लागतो तो ज्यांना स्वतःची गाडी परवडत नाही, जे मित्राच्या, मुकादमाच्या, नातेवाइकाच्या गाडीतून फिरतात त्यांना.

भारतात अंग आणि सामान यांच्यातली हीच रेघ अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० वर येऊन थांबते. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर व्हावी, अशी मागणी करण्याचा हक्क या कलमाने दिला आहे. पण पिशवी म्हणजे अंग नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पवनकुमार खटल्यात ठरवलं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं आणि त्याची नाळ जागेशी नव्हे, तर व्यक्तीशी जोडली. तरीही २०२३ मध्ये पिशवीचा प्रश्न पुन्हा न्यायालयासमोर आला, तेव्हा उत्तर २००५ चंच मिळालं.