परसातले दुसरे घर

अवधूताने जे चोवीस गुरू केले त्यांत सर्प एक आहे, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. भागवताच्या एकादश स्कंधातली ही कथा पैठणच्या नाथमहाराजांनी मराठीत आणून घरोघर पोचविली. सर्प स्वतः घर बांधीत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. घर उभारण्याचा खटाटोप दुःखालाच कारण होतो, असे अवधूत त्यावरून शिकला. मग ज्याला राहते घर आहे त्या माळकऱ्याने आपल्याच जागेत दुसरे घर काढावे, आणि वर वास्तुविशारदाला पैसे देऊन त्याचा नकाशा करून घ्यावा, हे कसे बसावे?

पालमच्या बाजूला कीर्तन आटोपले, बुक्का लावून झाला, की हा प्रश्न अलीकडे कोणी ना कोणी काढतोच. तो काढण्याची रीत बहुधा अशी: “महाराज, घरामागं जागा मोकळी हाय. माय-बापासाठी दोन खोल्या काढाव म्हणतो. नकाशावाला लावू का गवंड्याकडूनच उरकून घेऊ?” विचारणारा खर्चाचे विचारतो. आम्हांस मात्र त्यातला ‘माय-बापासाठी’ हा शब्द थांबवितो.

सर्पाचा दाखला यतीसाठी आहे. गृहस्थाने बिळे शोधीत हिंडावे असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. बाकीचे तीन आश्रम त्याच्याच वळचणीला उभे असतात. तेव्हा दुसरे घर बांधले म्हणून वैराग्य बुडाले असे आम्ही मानीत नाही. वारीच्या दिवसांत चार माणसे उतरतील एवढी ओसरी कोणी जास्त काढली तर उलट आम्ही त्याला धन्य म्हणू. परंतु परसातल्या घराची गोष्ट निराळी आहे. तिथे कोण जाणार, आणि जा असे त्याला कोण म्हणणार, यात सगळा धर्माधर्म भरलेला आहे.

मनूने सांगून ठेवले आहे की अंगाला सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले, मुलाचे मूल पाहिले, की गृहस्थाने वनाची वाट धरावी. आज वन कुठले आणि वाट कुठली! ज्याला हात आखडता घ्यायचा आहे, किल्ल्या सुनेच्या हाती देऊन नामस्मरणाला बसायचे आहे, त्याला परसातली शांत खोली हेच वन होय. बाप आपण होऊन म्हणाला, “आता मला मागं एक खोली द्या, पहाटे हरिपाठ म्हणता येईल,” तर तो वानप्रस्थ झाला. मुलाने आणि सुनेने रात्री ठरविले, आणि सकाळी गवंडी आल्यावर बापाला कळले, तर त्याच विटांची, त्याच मापाची ती खोली अडगळ झाली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणूनच माणूस त्यात फसतो, आणि पुष्कळदा स्वतःलाच फसवितो.

आता वास्तुविशारदाचे. आमच्या शिल्पग्रंथांत घर बांधणारे चार सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. स्थपतीने सर्व अंगे जाणावी, सूत्रग्राहीने दोरी धरावी, पुढच्या दोघांनी लाकूड-दगड घडवून जोडावे. आजचा वास्तुविशारद हा स्थपतीच्या जागी आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वास्तुविद्या परिषदेकडे ज्याची नोंद आहे त्यालाच हे नाव लावता येते. तेव्हा नोंद विचारून घ्यावी, त्यात लाज कसली? गवंड्याला आम्ही कमी लेखीत नाही. ओळंबा धरून भिंत उभी करणाऱ्याचे ज्ञान हातात असते, ते पोथीत सापडत नाही. पण गवंडी ‘किती खण?’ एवढे विचारून कामाला लागतो. चांगला वास्तुविशारद ‘कोण राहणार?’ असे विचारतो. रेघ ओढण्याआधी जो हे विचारीत नाही तो आमच्या मते नकाशे विकणारा दुकानदार.

आणखी एक. हल्ली लोक घराआधी दिशांची चर्चा फार करतात. देव्हारा कुठे, दार कुठे, जिना कुठे, यावर महिना महिना घालवितात. वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीची परीक्षा सांगितली आहे ती कोणी करीत नाही. हातभर खड्डा खणावा, त्याचीच माती त्यात परत भरावी. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, कमी पडली तर ती सोडावी. आमच्या परभणीच्या मुलखाला ही गोष्ट फार लागू आहे. जुन्यांनी गावे पांढरीवर वसविली आणि काळी पिकाला ठेवली, ते उगीच नव्हे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या भिंतीलाही भेगा पाडते. पाया खाली मुरमापर्यंत न्यावा लागतो, किंवा त्याला दुसरी युक्ती करावी लागते. दुसरे घर बहुधा गावाच्या कडेला, वाढीव जागेत, म्हणजे काळीवरच येते. तिथे जाणता माणूस हवाच.

याची साक्ष आमच्या मराठवाड्याने रक्ताने दिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक निजले असता किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे ८ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढविलेला मातीचा भार, त्याखाली ती दबली. त्या माळवदांची उन्हाळ्यातली सावली आम्ही जाणतो. नुसत्या स्लॅबखाली वैशाखात म्हाताऱ्या माणसाची भट्टी होते हेही जाणतो. भार कमी आणि तरी गारवा, हे जमविणे हीच तर विद्या. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोलीकडे धक्का बसला तो परभणी-नांदेडपर्यंत जाणवला, तेव्हा ही गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये.

पण त्याच किल्लारीची पुढची कथा आम्हांस अधिक बोलते. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. रस्ते रुंद, रांगा सरळ, घरे मजबूत. आखणारे शिकलेले होते. परंतु बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, बायांनी दुपारी कुठे बसायचे, हे त्या रेघांत पुष्कळ ठिकाणी बसले नाही. मग लोकांनीच अंगणात पत्र्याच्या पडव्या, गोठे आणि चुली उभ्या केल्या. विद्या होती, विचारणे कमी पडले.

म्हणून विचारणाऱ्याला आम्ही सांगतो: वास्तुविशारद अवश्य लावा, पण तो आला की तुम्ही बाजूला व्हा आणि मायला पुढे बसवा. तिला ‘नकाशा’ कळणार नाही असे म्हणू नका. रात्री किती वेळा उठावे लागते, गुडघे किती उंच पायरी चढतात, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक? ती म्हणेल, उंबरठा नको, ठेच लागते. म्हणेल, मोरी खाटेजवळ हवी, फरशी घसरती नको, भिंतीला धरायला काही असू द्या. आणि संकोच सुटला तर हेही म्हणेल की खिडकी अशी ठेवा, मोठ्या घराचं दार दिसलं पाहिजे, लेकरं शाळेतून आलेली कळली पाहिजेत. ही एक खिडकी घराची पाठ करून काढलेली आम्ही पाहिली आहे. पैसा भरपूर ओतला होता, न्हाणीला चकचकीत फरशी होती, आणि समोर शेजाऱ्याची भिंत.

ती ‘मला जायचंच नाही’ असेही म्हणेल. तेव्हा नकाशा गुंडाळून ठेवावा. वास्तुविशारदाच्या दोन फेऱ्यांची दक्षिणा गेली तर जाऊ द्यावी.

इथे कोणी जनाबाईचे नाव काढतो. गंगाखेड आम्हांस जवळ, म्हणून ते ओठावर लवकर येते. नामदेवाच्या भरल्या घरात ती दासी, तिचे जाते निराळे, आणि देव दळू लागायला तिच्याकडे आला, ही कथा आम्ही कीर्तनात शेकडो वेळा लावली असेल. पण ती कथा जनीच्या भक्तीची आहे, नामदेवाच्या घरच्यांना दिलेली मोकळीक नव्हे. देव येईल सोबतीला, असे म्हणून मायला मागे बसविणाऱ्याने आधी स्वतः दळू लागायला जावे.

कागदांचे थोडके. पालमला नगरपंचायत आहे, तिच्या हद्दीत बांधकामाची परवानगी आधी घ्यावी. शेतात बांधायचे तर तहसील कचेरीत विचारावे. आणि बापाने या निमित्ताने मोठे घर मुलाच्या नावे करून द्यायचे ठरविले, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. अट मोडली तर ते पत्र रद्द करून घेता येते, अशी सोय २००७ च्या कायद्यात आहे. मुलावर अविश्वास कशाला, असे काही भाविक विचारतात. चांगल्या मुलाला त्या ओळीचा त्रास होत नाही.

चुलीचा प्रश्न शेवटी राहतोच. नव्या घरात स्वयंपाकघर करावे का? आमचे मत असे की चहा-पेज करता येईल एवढा ओटा असावा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पहाटे कोणाची झोप मोडावी लागत नाही. ताट मात्र मोठ्या घरात मांडावे; पाऊस असेल त्या दिवशी नातवाने ते झाकून न्यावे. दोन घरांमधल्या वाटेवर पत्र्याचे छप्पर आणि एक दिवा, एवढे नकाशात आजच घालून घ्यावे, मागून ते राहून जाते.

आणि मृगाआधी स्लॅब पडली पाहिजे या घाईने ज्येष्ठात सही मागायला जाऊ नये. त्या दिवसांत शेगावची पालखी परभणीवरून गंगाखेडला येते, आणि तुमची माय तिच्यामागे निघालेली असते. ती द्वादशी सोडून परत येऊ द्यावी.